कीर्तिपूरच्या चौकात

टूर मॅनेजर म्हणून पुण्याहून नेपाळच्या सहली नेऊ लागल्यापासून पृथ्वीनारायण शाहांची गोष्ट मी नेहमी काठमांडूच्या रहदारीत, बस अडकली की सांगत आलो आहे. गोरखासारख्या लहानशा डोंगरी राज्याच्या राजाने एकेक राज्य जिंकत नेपाळ उभा केला, हे ऐकताना आपल्या मंडळींना घरचेच काहीतरी आठवते, माना डोलू लागतात आणि अर्धा तास सुखाने निघून जातो. कार्तिकातल्या त्या सकाळी मात्र मी ती गोष्ट नको त्या जागी सांगितली.

काठमांडूच्या नैर्ऋत्येला, खोऱ्याच्या तळातून वर आलेल्या टेकडीवर कीर्तिपूर हे नेवार लोकांचे, म्हणजे खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांचे, जुने गाव आहे. पायथ्याशी त्रिभुवन विद्यापीठ आहे. बस खालीच ठेवावी लागते, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असलेले काका-काकू कोरीव खिडक्यांच्या विटकरी घरांमधून, ऊन दाखवायला पसरलेल्या भाताला वळसा घालत, थांबत थांबत वर चढले. बाघभैरवाच्या चौकात मी सर्वांना बसवले. इथल्या बाघभैरवाला जीभ नाही. गुराखी मुलांनी मातीचा वाघ केला, ती जिभेसाठी पान शोधायला गेली आणि परत येईपर्यंत वाघाने त्यांच्या मेंढ्या गिळल्या होत्या, अशी तिथली आख्यायिका आहे. एवढे सांगून होते तोच एका काकांनी देवळाच्या वरच्या भिंतीवर ठोकलेल्या गंजक्या तलवारी आणि ढालींकडे बोट दाखवून त्या कुणाच्या, असे विचारले, आणि मी माझे ठरलेले भाषण सुरू केले.

मी मराठीत बोलत होतो, त्यामुळे कुणाला काही कळणार नाही अशी माझी खात्री होती. पण ‘पृथ्वीनारायण शाह’ आणि ‘एकीकरण’ हे शब्द नेपाळीतही तसेच आहेत, हे मी विसरलो होतो. शेजारच्या पाटीवर, म्हणजे छपराखालच्या ओट्यावर, गप्पा मारत बसलेले म्हातारे एकाएकी गप्प झाले. आमचा स्थानिक गाईड त्याच गावचा. त्याने मला बाजूला घेतले आणि हिंदीत हळूच म्हणाला, “दाइ, ही गोष्ट बसमध्ये ठीक आहे, इथे नको.”

मी त्यालाच बोलायची विनंती केली आणि दुभाष्याचे काम पत्करले. 1757 मधल्या पहिल्या हल्ल्यात गोरख्यांचा सेनापती काळू पांडे कीर्तिपूरकरांनी मारला. 1764 मधल्या दुसऱ्या हल्ल्यात राजाचा भाऊ सूरप्रताप याचा डोळा गेला. तिसऱ्या वेढ्यानंतर गाव पडले, तेव्हा विजेत्यांनी इथल्या पुरुषांची नाके आणि ओठ कापले; फुंकून वाजवायची वाद्ये वाजवणारे तेवढे वाचले. त्यावरून गावाला ‘नासकाटपूर’ हे नाव पडले. ‘ओठ’ हा शब्द मराठीत सांगताना मी अडखळलो. आपल्याकडे ‘नाक कापले’ हे आपण किती सहज बोलून जातो!

पुढे उमामहेश्वराच्या देवळाकडे चढताना कुणी फारसे बोलले नाही. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. मुलांनी वर बसू नये म्हणून त्यांच्या पाठीवर खिळे बसवले आहेत, हे पाहून मात्र मंडळी हसली. वरून सगळे काठमांडू दिसते, आणि खोरे घ्यायचे तर आधी ही टेकडी का हवी, हे तिथे कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. जेवणात समयबजी हे नेवारी ताट मागवले होते. ‘बजी’ म्हणजे पोहेच, हे कळल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला. म्हशीचे मांस वगळायला मी आधीच सांगून ठेवले होते.

परतीच्या वाटेवर बस अडकली, तेव्हा त्याच काकांनी गोष्टीचा राहिलेला भाग मागितला. 1768 मध्ये ऐन इंद्रजात्रेच्या, म्हणजे काठमांडूच्या मोठ्या सणाच्या, दिवशी ते शहर कसे पडले, ते मी सांगितले. ‘एक केले’ असे तोंडावर आले होते, तिथे ‘जिंकले’ म्हणालो. ड्रायव्हरशेजारी बसलेला गाईड खिडकीबाहेर पाहत होता.