धवलदंत रांग : राखोळी ते वितळखिंड

धवलदंत नकाशात शोधू नका. ही रांग आमच्या गेम मास्टरच्या डोक्यातली आहे आणि ती चढायची घोडबंदर रोडवरच्या त्याच्या हॉलमध्ये, वीसपैलू फासे टाकत. खेळ टेबलावरचा, भूमिकांचा : मास्टर गोष्ट रचतो, आपण त्यातली पात्रं होतो आणि काय जमलं, काय फसलं ते फासा ठरवतो. गडी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स करून आलाय आणि तिथे शिकलेलं सगळं त्याने या खेळात ओतलंय. आता हीच मोहीम तो कळव्याच्या आणि वाशीच्या मंडळींसाठी पुन्हा चालवणार आहे, म्हणून हा वृत्तांत. राक्षस कुठे दबा धरून बसलेत ते सांगणार नाही, ती तुमची मजा. तसेही इथले राक्षस दोन-चार चांगल्या फाशांत आटपतात. थंडी, उंची आणि पाठीवरचं ओझं मात्र शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

आमची पार्टी अशी : बुटका योद्धा, जादूगार, पुजारीण, शाहीर आणि चोर. चोर मी. बहुतेक सगळे सह्याद्रीत भटकणारे, आणि गोची तिथेच होते. आपला सगळ्यात उंच माथा कळसूबाई, १६४६ मीटर. धवलदंतातलं शेवटचं गाव राखोळी, तेच २८०० मीटरवर. म्हणजे मोहीम सुरू होते तिथेच आपला अनुभव संपलेला असतो.

राखोळीच्या बाजारात सगळे आधी हत्यारांच्या दुकानात घुसतात. तुम्ही लोकरवाल्याकडे जा. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे आपल्या पात्राची माहिती आणि सामान लिहिलेल्या कागदावर, जो 'प्रवासी पोशाख' लिहिलेला असतो तो या जगात सुती आहे, आणि घामाने किंवा बर्फाने भिजलेलं सूत अंगाची ऊब टिकवत नाही. मास्टर हे आपणहून सांगत नाही. पहिल्या मुक्कामाला फक्त विचारतो, "घाम आला होता ना चढताना?" तेव्हा लोकर घ्या, सुके मोजे दोन जोड जास्त घ्या, आणि राहिलेले पैसे दिव्याच्या तेलात घाला. तेल प्रकाशासाठी नाही, पाण्यासाठी.

ही पाण्याची भानगड नीट समजून घ्या. आपल्याला गडावर टाकं सापडलं की प्रश्न मिटतो. इथे सभोवार पाणीच पाणी, पण गोठलेलं. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत तेवढंच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. मास्टर हा हिशेब तेलाच्या बुधल्यांत मांडतो आणि एका बुधल्याचीही सूट देत नाही. शाहिराने तेल वाचवायला सरळ बर्फ चघळायला सुरुवात केली, तर ती उष्णता त्याच्या अंगातून वजा झाली आणि रात्री थंडीविरुद्धचा फासा दोनने कमी. वरच्या तळावर, ४५०० मीटरला, पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे तांदूळ कच्चे राहतात. सातूचं पीठ, तूप, सुकं मांस न्या. बुटक्याने डाळ नेली होती. ती तशीच परत आली.

उंचीचा नियम सोपा आहे, पण पाळायला जीवावर येतं. ३००० मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली उतरा. मधल्या मठात एक जादा रात्र काढा. तिथे काहीच घडत नाही आणि खेळाडू कंटाळतात, पण जादूगार हट्टाने पुढे गेला आणि त्याला डोकेदुखी, ओकाऱ्या सुरू झाल्या. पुजारिणीचा बरं करण्याचा मंत्र त्यावर चालत नाही. मास्टरच्या मते आजाराला औषध एकच : खाली उतरणे. मला हा नियम आवडला. मंत्राने सगळंच बरं होत असेल तर डोंगर हवाच कशाला?

पुढे कण्हती हिमनदी. बर्फ सरकताना करकरतो, कण्हतो, म्हणून हे नाव. खालचा भाग उघड्या बर्फाचा आहे, क्रेव्हास, म्हणजे बर्फातल्या खोल भेगा, दिसतात आणि टाळता येतात. वरच्या भागात ताजं हिम पसरलंय आणि खालच्या भेगा झाकल्या गेल्यात. खरा धोका इथे.

"दोर बांधलाय का?" मास्टरने विचारलं.

"अरे, राजमाचीला कुठे बांधतो आपण?" इति बुटका, अंगावर पूर्ण चिलखत.

चौथ्या फाशाला तो दिसेनासा झाला. त्याला वर काढण्यात अख्खी रविवारची दुपार गेली. म्हणून सांगतो, सगळे एका दोरात, दोघांमध्ये चांगलं अंतर, दोर लोंबू द्यायचा नाही आणि सगळ्यात जड माणूस पुढे नको. निघा मध्यरात्री. रात्रीच्या गारठ्यात भेगांवरचे हिमपूल घट्ट असतात, ऊन चढलं की मऊ पडतात. मास्टर खेळातल्या घड्याळावर बारीक नजर ठेवून असतो. सकाळी आठच्या पुढे हिमनदीवर असाल तर प्रत्येक पुलाला वेगळा फासा.

हिमनदीवरून जाताना डोळ्यांचं काय, हे कोणी विचारत नाही. ताजं हिम अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतं. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो. तंबूत शिरल्यावर मास्टरने शांतपणे सांगितलं की आता शाहीर आणि पुजारीण दोघांना डोळे उघडवत नाहीत. चष्मा या जगात मिळत नाही. पण लाकडाच्या पट्टीला बारीक आडवी चीर पाडून डोळ्यांवर बांधता येते. आर्क्टिकमधले लोक हाडाच्या आणि लाकडाच्या अशा पट्ट्या फार पूर्वीपासून वापरत आलेत. मठात मोकळा वेळ असतो, तिथेच कोरून घ्या. कारागिरीचा फासा सोपा आहे.

खिंडीखालचा उतार हा या मोहिमेतला सगळ्यात छान रचलेला भाग. आदल्या रात्री बर्फ पडलेला, वारा पलीकडून, म्हणजे सगळं हिम अलीकडच्या बाजूला साचलेलं. पुजारिणीने विचारलं, "उतार किती अंशांचा?" मास्टर हसला. "अडतीस." हिमलोट बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. शाहिराने घाबरून गाणं बंद केलं, पण त्याची गरज नव्हती. माणसाच्या आवाजाने हिमलोट कोसळत नाही, ही निव्वळ सिनेमातली समजूत. स्फोटाने मात्र कोसळतो, आणि खऱ्या डोंगरांतही स्फोटकं लावून तो मुद्दाम पाडतात. आम्ही बाजूच्या खडकाळ सोंडेवर चढलो आणि जादूगाराने साठवून ठेवलेला आगीचा गोळा उतारावर टाकला. अर्धा डोंगर खाली गेला. वाट मोकळी. तेव्हा तो मंत्र कुठल्याही राक्षसावर खर्च करू नका, इथपर्यंत जपा. मंत्र संपला असेल तर सोंडेवरूनच जा. वाट लांब आहे, कातळटप्पा आहे, पण माणसं शाबूत पोचतात.

वितळखिंड ५२०० मीटरवर. दर १००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे राखोळीत उणे २ असेल तर इथे उणे १८ च्या आसपास. वर वारा वेगळाच. शिखराचा मोह धरू नका, तिथे खजिना नाही, एवढं सांगितल्याबद्दल मास्टर माझ्यावर रागावणार आहे.

टेबलाबद्दल थोडं. शनिवारी संध्याकाळचा खेळ ठरवू नका, घोडबंदरच्या कोंडीत निम्मी पार्टी अडकते. वाशीकरांनी रविवारी सकाळी ट्रान्सहार्बरने ठाण्याला यावं. पाच खेळाडू पुरेत. सहावा आला की हिमनदीवरचे फासे संपता संपत नाहीत. मास्टर वातावरणनिर्मिती म्हणून एसी अठरावर लावतो, एक शाल आणा.

खिंडीपलीकडे उतरताना एक सरोवर लागतं. पाणी निळंशार, काठ सपाट, तंबू टाकायचा मोह होतोच. पण त्याचा बांध म्हणजे मोरेन, हिमनदीने लोटून आणलेला दगडमातीचा सैल ढीग. तो कधीही फुटू शकतो, आणि फुटला की सरोवर दरीतून खाली धावतं. बांधाखाली मुक्काम नको, डावीकडच्या सोंडेवर शंभरेक मीटर चढून करा. वर पाणी नाही, खालून आणावं लागतं. बुटक्याला पाठवा, चिलखत काढून.