त्रेपन्नच्या चुटक्या

अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी माझ्याकडे. माध्यम मराठी, बऱ्याच मुलांच्या घरी कानडी. दुसरीतला एक मुलगा संख्यालेखनात हमखास चुकायचा. ‘त्रेपन्न’ म्हटलं की ३५, ‘सत्तेचाळीस’ म्हटलं की ७४. मी लाल पेनाने फुल्या मारत राहिले, "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून ओरडलेही. सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या लक्ष्यानुसार ९९पर्यंतचं वाचन-लेखन पहिलीतच यायला हवं, आणि तपासणीला येणारे साहेब फक्त रकाने भरलेत का ते बघतात.

साहित्याची वाण नव्हती. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे मी स्वतः बांधलेत, तेही सुतळीने. रबर इथल्या उन्हात महिनाभरात चिकट होऊन तुटतं. शंभर मण्यांची माळ आहे, दहा लाल, दहा पांढरे अशी. देणगीतल्या टीव्हीवर अंकांचं गाणं लागतं, फुगे फुटतात, मुलं नाचत शंभरपर्यंत जातात. पाहुणे खूश होतात. पडद्यावर ५ आधी दिसतो आणि कानावर ‘त्रे’ आधी पडतं, हे गाणं करणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसेल. माझ्या तरी कुठे आलं होतं?

त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून टाळी-चुटकी घेतली. दशकाला टाळी, सुट्याला चुटकी. मी म्हटलं, "त्रेपन्न." सगळ्यांनी पाच टाळ्या, तीन चुटक्या वाजवल्या. याने आधी तीन चुटक्या, मग पाच टाळ्या.

"आधी टाळी रे!"

"बाई, तुम्हीच आधी तीन म्हणलात की."

मी गप्प झाले. त्रे म्हणजे तीन, मग पन्न. पोरगं ऐकू येईल तसं, डावीकडून उजवीकडे लिहीत होतं. वर्गात सगळ्यांत चोख कान त्याचाच, बाकीच्यांना नुसतं पाठ होतं.

बापाच्या टपरीवर तो सुट्टे पैसे मोजतो, म्हणून विचारलं, तिथे काय म्हणतोस? "ऐवत्तमूरु." कानडीत आधी पन्नास, मग तीन. वाजव म्हटलं. पाच टाळ्या, तीन चुटक्या. पाटीवर सरळ ५३.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेपन्न’च्या जोडीने ‘पन्नास तीन’ असं म्हणायचीही वाट दिली, तेव्हा विधानसभेपर्यंत टवाळी झाली. जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना अडतो, हे गणित समितीच्या मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या. आम्ही शिक्षक चहा पिता पिता हसलो. त्यात मीही होते.

मग माझ्या तोंडून ‘एकोणसाठ’ निघालं. त्याने एक चुटकी वाजवली, सहा टाळ्या. पाटीवर ६१. बरोबरच की, ‘एक’ आणि ‘साठ’ ऐकू येतात, मधलं ‘ऊन’, म्हणजे कमी, कोण ऐकणार? माळ काढली, साठाव्या मण्यावर बोट ठेवून एक मणी मागे आले. त्याने बराच वेळ बघितलं. मग सहा टाळ्या वाजवून जिभेने ‘च्च’ केलं, हातातून काही निसटल्यासारखं.

आता वर्गात एकोणचा आवाज ‘च्च’च आहे. (नव्व्याण्णवला मात्र पोरांना थांबवावं लागतं, तिथे ‘एकोण’ नाहीच.)

संध्याकाळी त्याची जुनी वही उघडली. एकोणीस फुल्या. अठरा उलट्या आकड्यांवर, आणि एक ६१ वर.