रवांडाच्या बाईंना बोलावताना

आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत तीच ती नावं आणि तेच ते विषय. म्हणून मी सुचवलं, १९९४ च्या रवांडातल्या वंशसंहारातून वाचलेल्या कुणाला तरी बोलवू. बडोद्यात आफ्रिकन विद्यार्थी काही नवे नाहीत. आमच्याच वरच्या मजल्यावर रवांडाचा एक मुलगा भाड्याने राहतो. त्याची मावशी संशोधनासाठी इथेच आलेली. संहार झाला तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. माझी भाची एका सीबीएसई शाळेत इतिहास शिकवते. तिच्या कानावर गेलं तशी म्हणाली, "मावशी, आधी आमच्या शाळेत आणा."

बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. उलट मलाच प्रश्न विचारले: ऐकणारे कोण, वयं काय, त्यांना आधीचं किती माहीत असेल, आणि खोलीचं दार कुठल्या बाजूला आहे. दाराचा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. पण वहीत उतरवून घेतला.

तारखेवरून पहिली अडचण. आमच्या डोक्यात ७ एप्रिल होती, कारण संहार त्या दिवशी सुरू झाला आणि स्मरणदिनही तोच. त्यांनी साफ नकार दिला. एप्रिल ते जुलै हे त्यांच्या शोकाचे दिवस. त्या काळात त्या घरच्यांच्या असतात, लोकांसमोर उभ्या राहत नाहीत. मग ९ डिसेंबर ठरली. संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार १९४८ साली याच तारखेला मंजूर केला होता. शाळेत त्या दिवशी, मंडळात पुढच्या रविवारी.

शाळेने नववीच्या खालची मुलं नकोत असं स्वतःहून सांगितलं, ते बरं झालं. खरी भीती वेगळीच होती. एक विश्वस्त मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, त्या आफ्रिकेचं सांगतील ते ठीक आहे हो, पण पोरं २००२ चं काढतील." म्हणजे गुजरातच्या दंगली. आपल्या गावात हा आकडा लोक आवाज खाली आणूनच उच्चारतात. मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. "मी पाहिलं तेवढंच मी बोलते. मुलांना त्यावरून काय आठवेल ते मी कसं ठरवणार?" प्रिन्सिपॉल बेननी यावर सही केली. सगळ्यांनी केली असती असं नाही.

मग तयारी. भाचीने आधी तासिका घेऊन मुलांना नकाशा दाखवला. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा यांपैकी माणूस कुठल्या समाजाचा ते लिहायला लावलं आणि स्वातंत्र्यानंतरही ते तसंच राहिलं. रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जाई. कत्तल चालू असताना २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसैनिकांची संख्या सुमारे २७० वर आणायचं ठरवलं. शंभरेक दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. हे सगळं शिक्षकांनी सांगून टाकायचं, म्हणजे वाचलेल्या माणसाला स्वतःच्या दुःखाआधी इतिहासाचा तास घ्यावा लागत नाही. प्रेतांचे फोटो दाखवायचे नाहीत, ही बाईंची अट. फोन वर्गाबाहेर टोपलीत, हीसुद्धा.

प्रश्न चिठ्ठ्यांवर घेतले आणि आदल्या दिवशी त्यांना दाखवले. "तुम्ही त्यांना माफ केलंत का?" असं पाच-सहा जणांनी विचारलं होतं. मी त्या काढणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मुलांनी विचारलं तर सांगेन. मोठ्यांनी विचारायचं नाही." रविवारी मंडळात हे मी माइकवरून जाहीर केलं तेव्हा पुढच्या रांगेतले एक काका जरा दुखावले.

मंडळाशी खरं भांडण झालं ते कार्यक्रमपत्रिकेवरून. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, परिचय, शाल-श्रीफळ, वक्ता, अध्यक्षीय समारोप, आभार. बाईंच्या वाट्याला उरत होती पंचवीस मिनिटं! मी एकेक काढत गेले. शाल-श्रीफळावर सेक्रेटरी अडून बसले: "पाहुण्याला तसंच पाठवायचं? काय म्हणतील?" शेवटी श्रीफळ घरी चहाला आल्या तेव्हा दिलं, तिथे त्यांनी ते हसून घेतलं. समारोप काढला म्हणून अध्यक्ष दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. चालायचंच.

शाळेत खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. पहिल्या बाकावर त्यांचा भाचा. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की त्याने उठून पाणी द्यायचं आणि मी तास संपवायचा, असं ठरलेलं. पाणी द्यावं लागलं नाही. त्यांनी मोठ्या कत्तलींचं फार सांगितलंच नाही. त्यांनी वर्ग सांगितला. मास्तर हजेरी घेताना तुत्सी मुलांना उभं राहायला सांगायचे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या बसूनच राहिल्या, कारण आपण कोण ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मास्तरांनी घरी विचारून यायला पाठवलं. नववीची मुलं बाकावर बसून हे ऐकत होती, त्यामुळे समजावायला काही उरलं नाही. एका मुलाने विचारलं, "मग ते कार्ड फेकून का नाही दिलं?" त्या म्हणाल्या, "नाक्यावर कार्ड नसणं हाच तुत्सी असल्याचा पुरावा धरायचे."

मंडळात मी मराठीत सांगत होते. "त्या म्हणतात की" असं नाही, थेट "मी" म्हणून. त्यासाठी त्यांच्यासोबत सगळं एकदा बोलून घेतलं होतं. तरी "आई" आलं तिथे माझाच आवाज गेला आणि त्या थांबून राहिल्या. भाषांतर करणाऱ्याने आदल्या रात्री ऐकलेलं असावं, हे मी आता सगळ्यांना सांगते.

विश्वस्तांना जी भीती होती ते झालंच. शाळेतल्या शेवटच्या चिठ्ठ्यांपैकी एक होती: "आपल्या गावात असं कधी झालं का?" बाईंनी वाचली, घडी केली आणि भाचीकडे दिली. "हा माझा प्रश्न नाही, तुमच्या शिक्षिकेचा आहे." भाचीने तिथल्या तिथे मुलांना शब्द दिला की आपण यावर बोलू. त्यासाठी तिने दोन तासिकांचा अर्ज केलाय. प्रिन्सिपॉल बेननी तो पुढे पाठवला, विश्वस्तांकडून अजून उत्तर नाही. मुलं मात्र दर आठवड्याला तिला विचारतात.