तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्सिजन कमी, तरी आम्ल तेज कसं?

ठाण्यात नौपाड्यात बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. पी-ब्लॉक (फॉस्फरस, क्लोरीन वगैरे मूलद्रव्यांचा धडा) सुरू झाला की हा प्रश्न ठरलेला: "मॅडम, क्लोरीनच्या आम्लांत ऑक्सिजन वाढला की ताकद वाढते, मग फॉस्फरसच्या आम्लांत ऑक्सिजन कमी असलेलंच तेज, असं उलटं का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. गडबड होते ती मोजण्यात. सगळे ऑक्सिजन मोजायचे नसतात. ज्याला हायड्रोजन लागलेला नाही, तेवढेच मोजायचे. क्लोरीनच्या हायपोक्लोरस आम्लात तसा एकही नाही, क्लोरसमध्ये एक आहे. तेवढ्यानं पीकेए (आम्लाच्या ताकदीचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल तेज) ७.५ वरून २ च्या आसपास उतरतो, म्हणजे ताकद लाखो पटींनी वाढते. फॉस्फरसच्या तिन्ही आम्लांत असा ऑक्सिजन एकच. म्हणून तिघं जवळजवळ बसतात: हायपोफॉस्फरसचा पहिला पीकेए साधारण १.२, फॉस्फोरिकचा २.१, फॉस्फरस ॲसिड मधे.

हा उरलेला फरक ओएचमुळे, म्हणजे हायड्रोजन लागलेल्या ऑक्सिजनमुळे. ओएचमधला ऑक्सिजन आपली मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी थोडीफार फॉस्फरसकडे सरकवतो, फॉस्फरसची ओढ तेवढी सैल पडते आणि आम्लाचा हायड्रोजन सुटणं जड जातं. फॉस्फोरिकमध्ये ओएच तीन, फॉस्फरस ॲसिडमध्ये दोन, हायपोफॉस्फरसमध्ये एकच. बाकीचे हायड्रोजन थेट फॉस्फरसला चिकटलेले, त्यांच्याकडे सरकवायला जोडीच नाही.

"पण हायड्रोजन तर तिन्हींत तीनच!" हे पुढचं वाक्यही ठरलेलं. तिथे मी ब्युरेटच (थेंब मोजून सोडायची नळी) लावते. हायपोफॉस्फरसचं १० मिली द्रावण, तितक्याच मोलॅरिटीचा (तितक्याच तीव्रतेचा) कॉस्टिक सोडा, आणि आम्ल संपलं की गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन दोन थेंब. १० मिलीला गुलाबी रंग येतो आणि टिकतो. मुलं ३० ची वाट बघत असतात. फॉस्फरसवरचे ते दोन हायड्रोजन सोड्याला दाद देत नाहीत.

ते निरुपयोगी मात्र नाहीत, हे मला फार आवडतं. एका मुलीचे वडील वागळे इस्टेटमध्ये प्लेटिंगचं काम करतात. तिनं एकदा निकेल चढवलेला नट आणला, आटेसुद्धा आतपर्यंत एकसारखे चमकत होते. वीज न लावता, सोडियम हायपोफॉस्फाइटच्या (हायपोफॉस्फरसच्याच क्षाराच्या) गरम बाथमध्ये केलेलं काम. हिरव्या द्रावणातल्या निकेलला धातू करतात ते हेच फॉस्फरस–हायड्रोजन बंध.

नट वर्गभर फिरला. मग मी फळ्यावर तिन्ही रचना काढल्या आणि ओएच तिलाच मोजायला सांगितले.