फडातल्या ॲपला दिलेले दोन स्प्रिंट

प्रोजेक्ट कधीच संपला पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. एका साखर कारखान्याच्या सॉफ्टवेअरचं काम होतं, ऊस नोंद, तोडणी स्लिप, वजनकाटा, बिलं, सगळं. फिक्स्ड प्राइस काँट्रॅक्ट आणि गाळप सुरू व्हायच्या आत गो-लाइव्ह. वरून आदेश आला स्क्रमच करा, म्हणजे छोट्या छोट्या मुदतीच्या स्प्रिंटमध्ये थोडं थोडं बनवा, दाखवा, बदला. आणि त्याच लोकांनी एसआरएसवर, म्हणजे काय काय बनवायचं त्या यादीवर, आधीच सह्या घेऊन स्कोप लॉक केलेला. सेल्सवाले सही करताना आम्हाला विचारत नाहीत हे फार चुकीचं आहे, अर्धी मेथडॉलॉजी त्या सहीतच ठरून जाते.

पहिला डेमो शेती ऑफिसात होता. मी हट्टानं एका चिटबॉयला, म्हणजे रानात जाऊन उसाच्या नोंदी करणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, बोलवून घेतलं आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यानं दोन मिनिटं बघितलं, म्हणाला, "साहेब, रानात रेंज कुठंय? आणि हा गट दोघा भावांचाय, एकाची अडसाली, दुसऱ्याचा खोडवा. इथं तर एकच नाव बसतंय." अडसाली म्हणजे पावसाळ्यात केलेली नवी लागण, खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेलं पीक. आमच्या डेटाबेसमध्ये जमिनीचा एक गट, एक शेतकरी, एक लागण. सगळं फेजवाईज केलं असतं तर हे थेट यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांच्या शेवटच्या चाचणीत, कळलं असतं, म्हणजे कारखान्याचा बॉयलर पेटायच्या तोंडावर.

त्याच संध्याकाळी मी काम दोन भागांत तोडलं. फडातलं ॲप स्प्रिंटमध्ये, ऑफलाइन एंट्रीसकट नव्यानं. काटा आणि बिलं वॉटरफॉलनं, म्हणजे सगळं आधी ठरवून एकामागून एक टप्प्यात, कारण तिथे नियम ठरलेले, भरलेल्या गाडीतून रिकामी वजा, एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) 14 दिवसांत, तोडणी वाहतूक कपात. दर पंधरवड्याला बदलण्यासारखं त्यात काही नाही. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

पण ॲपला दोन स्प्रिंट जास्त लागले, कारखाना सीआरचे, म्हणजे वाढीव बदलांचे, पैसे द्यायला तयार नाही, मग ते दिवस बिलांच्या टेस्टिंगमधून गेले. विन्स्टन रॉइसला लोक वॉटरफॉलचा जनक म्हणतात, पण त्यानं 1970 च्या पेपरमध्येच लिहिलंय की टेस्टिंग शेवटी ठेवणं धोक्याचं आहे. मी हे वाचलेलं होतं, तरी शेवटीच ठेवलं.

पहिल्या पंधरवड्यात काही शेतकऱ्यांची तोडणी कपात दोनदा झाली. अकाउंटच्या क्लार्कनी रात्रभर बसून ती बिलं हातानं दुरुस्त केली. ते दोन स्प्रिंट मी दिले नसते तर बिलं बरोबर आली असती, पण मग ॲप फडात चाललंच नसतं आणि चिटबॉय परत वहीवर आले असते. कुठलं टाळायला हवं होतं, मला अजून ठरवता येत नाही.