पानी की पाणी

अंक पुन्हा लांबला. दोघातिघांनी विचारलं, मासिक बंद पडलं का म्हणून. नाही पडलं बाबांनो, चालूय, फक्त आम्ही तिघं आहोत आणि तिघांनाही नोकऱ्या आहेत, एक जण वेबसाईट सांभाळतो, एक मैत्रीण कविता बघते आणि उरलेलं सगळं माझ्या गळ्यात.

पण यावेळचा उशीर वेगळ्या कारणाने झाला, ते सांगायचंय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही कामगारांवर विशेषांक काढला होता. छान झाला होता, लोकांनी खूप शेअर केला, आम्ही पण जरा हवेत होतो. मग एका रात्री मी कुठेतरी विडा काउंटबद्दल वाचत बसले. अमेरिकेतल्या विडा नावाच्या लेखक बायकांच्या संस्थेने २०१० मध्ये एक साधी गोष्ट सुरू केली, मोठमोठ्या साहित्यिक मासिकांमध्ये किती बायका छापल्या आणि किती पुरुष हे नुसतं मोजायचं आणि आकडे मांडायचे. भाषण नाही काही नाही, मोजणी. आणि बहुतेक ठिकाणी पारडं पुरुषांकडे झुकलेलं निघालं. म्हटलं आपणही मोजू. बायका-पुरुष आमचे बऱ्यापैकी बरोबरीत होते, मनातल्या मनात पाठ थोपटली, आणि मग सहज कामगार अंकातल्या लेखकांचे परिचय वाचत गेले. प्राध्यापक, पत्रकार, आयटीवाले, संशोधक, पुन्हा प्राध्यापक. अंगमेहनतीचं काम करून पोट भरणारा एकही माणूस नाही! कामगारांच्या अंकात!!

आम्ही कुणाला हाकललं नव्हतं. आमच्या नियमांनीच हाकललं होतं. युनिकोडमध्ये टाईप केलेलं हवं, वर्ड फाईल हवी, ईमेलनेच पाठवा, सोबत शंभर शब्दांत परिचय. ज्याच्याकडे फक्त मोबाईल आहे आणि जो दमून रात्री नऊला घरी येतो तो कशाला या भानगडीत पडेल. मग नियम बदलले, हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो चालेल, व्हॉइस नोट चालेल, परिचय नको, टाईप आम्ही करू.

पहिले सहा महिने काहीच आलं नाही. (म्हणजे कविता आल्या, त्या कायम येतात, युद्धावर उपासमारीवर, विषय एवढा मोठा की नाही म्हणताना आपणच गुन्हेगार वाटतो, पण विषय चांगला म्हणून कविता चांगली होत नाही आणि हे कळवणारं ईमेल लिहायला मला अजून जमत नाही.) मग एके दिवशी बांधकामावर सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावायचं काम करणाऱ्या एका माणसाची व्हॉइस नोट आली, बारा मिनिटांची. स्लॅब भरायच्या आदल्या रात्रीची गोष्ट. पाऊस येईल का, प्लेटा नीट बसल्यात का, टेकू सरकला तर काय, एवढंच, आणि मी ती तीनदा ऐकली.

टाईप केलं. आणि मी काय केलं माहितीय? ‘नीट’ केलं. पानीचं पाणी, कोनचं कोण, आमीचं आम्ही. हात आपोआपच जातो हो, लहानपणी न-ण वरून मार खाल्लेली पिढी आहे आमची. छापायच्या आधी दाखवायची पद्धत आहे म्हणून त्यांना वाचून दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, ताई, चांगलं झालंय पण हे कोन बोलतंय?

मला काही सुचलंच नाही. आमच्या ‘आमच्याविषयी’ पानावर सामाजिक भान असले दोन मोठे शब्द आहेत, ते त्या क्षणी अगदी नकोसे झाले. एखाद्याला व्यासपीठ द्यायचं आणि त्याच्या तोंडात आपली जीभ बसवायची. मी सगळं पुन्हा ऐकून पहिल्यापासून टाईप केलं, अंक थांबला तो त्यासाठी. मैत्रिणीशी वाद पण झाला, तिचं म्हणणं असं की सगळ्यांचं शुद्धलेखन तपासतो आणि एकाचंच तसं ठेवतो तर वाचणारे त्याला नमुना म्हणून बघतील. तिचं चूक नाहीये. शेवटी त्यांनाच विचारलं, ते म्हणाले माझं आहे तसं ऱ्हाऊ द्या, तसंच ठेवलं.

पैशांचं विचाराल तर, हॅरिएट मन्रो यांनी १९१२ मध्ये शिकागोत ‘पोएट्री’ हे कवितांचं मासिक सुरू केलं तेव्हा आधी शंभरेक लोक गाठून दरवर्षी पन्नास डॉलर, असं पाच वर्षं द्यायचा शब्द घेतला होता, कारण कवींना मानधन द्यायचंच हे त्यांचं ठरलेलं होतं. आमच्याकडे असे शंभर नाहीत, सतरा आहेत. त्यात डोमेन, होस्टिंग आणि लेखकांना थोडंसं मानधन भागतं, आम्हा तिघांना शून्य. यावेळी मात्र ठरवलं की व्हॉइस नोटवाल्यांचं मानधन आधी निघणार, प्राध्यापक थांबू शकतात.

काल त्यांची दुसरी नोट आलीय, चौदा मिनिटांची. टाईप करायला बसलेय. माझा कीबोर्ड पानी लिहिलं की लगेच पाणी करतोय, मी खोडतेय, तो परत करतोय. त्यामुळे पुढचा अंकही थोडा लांबेल.