शिक्का मारतात, ठसा उमटतो

मराठीत शिक्का मारतात आणि ठसा उमटतो. क्रियापद बदललं की हाताचं वजनही बदलतं. कचेरीत दाखल्यावर शिक्का पडतो तेव्हा टेबलावरचा पेपरवेट हलतो. तो अर्धाच उठला, शाई फराटली, तरी कुणाचं अडत नाही. शिक्का आहे ना, मग झालं. उलट आषाढीला पंढरपुरात कपाळावर गंधाचा ठसा उमटवून देणारे असतात, त्यांचा हात पाहावा. ओल्या गंधात साचा बुडवला, कपाळाला टेकवला, उचलला. कपाळावर कोण ठोकणार?

रबरी ठशांनी घरी शुभेच्छापत्रं करायला बसणारा बहुतेक जण पहिल्या दिवशी कचेरीचा हात घेऊन बसतो. पॅडवर दणका, मग कागदावर दणका. ठशावर पणती छान असते, कागदावर मात्र ज्योतीच्या जागी एक थेंब आणि भोवती चौकोनी मळकट कड उमटते. रबर मऊ असतं. जोरात दाबलं की उंच रेषा बाजूला फुगतात आणि खोलगट भागाला लागलेली शाईही कागदाला जाऊन भिडते. मग वाटतं, ठसाच वाईट आहे.

शाई लावताना ठसा मोठा असेल तर सरळ उलट करावं. ठसा रबराची बाजू वर करून डाव्या हातात धरावा आणि पॅडच त्यावर हलकं टेकवत न्यावं, टप टप टप, दहा-बारा वेळा. घासू नये, घासलं की शाई खाचांत उतरते. मग ठसा उजेडाकडे तिरका धरून बघायचा. सगळ्या उंचवट्यांवर ओली चकाकी सारखी दिसली पाहिजे. कडेला शाई लागली असेल तर ती कापडाच्या टोकाने टिपून घ्यावी. कागदाखाली माउस पॅड किंवा वर्तमानपत्राची सात-आठ पानं ठेवावीत. लाकडी मुठीच्या रबरी ठशाला ही गादी लागतेच. अॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरायचे पारदर्शक ठसे मुळातच मऊ असतात, त्यांना जाड गादी दिली तर रेषा सुजतात. त्यांना फोमचं एखादं पातळ पान पुरतं. ठसा वरून सरळ खाली टेकवायचा. एका हाताने तो स्थिर धरायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी मध्यावर आणि चारी कोपऱ्यांवर दाब द्यायचा, मनात दोन म्हणायचं आणि कागद धरून ठेवून ठसा सरळ वर उचलायचा. नीट उमटावा म्हणून ठसा डोलवायचा मोह आवरला की निम्मं काम झालं.

नवा कोरा पारदर्शक ठसा मात्र हात कितीही हलका असला तरी दगा देतो. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, अळूच्या पानावर पाणी राहतं तशी, आणि छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. त्यावरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवावं आणि दोन-चार छाप रद्दी कागदावर काढावेत. मग शाई धरते.

शाईचं प्रकरण थोडं सविस्तर बघायला हवं, कारण नव्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. कचेरीतल्या जांभळ्या पॅडने सुरुवात करू नये. ती शाई पॅडवर महिनोन्‌महिने वाळू नये अशीच बनवलेली असते, त्यामुळे कार्डावरही ती लवकर वाळत नाही, आणि वरून जलरंगाचा ओला ब्रश फिरला की पणती, रांगोळी, आकाश सगळं जांभळं. कार्डांसाठी मुख्यतः दोन प्रकार घ्यायचे. डाय इंक पातळ असते, कागदात मुरते, लगेच वाळते आणि बारीक रेषा स्वच्छ देते. उन्हात मात्र फिकी होते, म्हणून खिडकीत मांडून ठेवलेलं कार्ड हळूहळू विटतं. पिगमेंट इंक दाट असते, कागदाच्या वर बसते, रंग ठसठशीत ठेवते, पण सावकाश वाळते. चकचकीत आर्ट पेपरवर तर ती बोटाला लागतच राहते, दुसऱ्या दिवशीसुद्धा. चकचकीत कागद, प्लॅस्टिक किंवा काचेवर ठसा घ्यायचा तर सॉल्व्हंट इंक, म्हणजे पाण्याऐवजी द्रावकात बनवलेली शाई, लागते, आणि ती पारदर्शक ठशांना सोसत नाही. ती लाल किंवा करड्या रबरासाठीच ठेवावी. छापावर नंतर जलरंग भरायचे असतील तर डब्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं आहे का ते वाचून घ्यावं. नुसतं ‘परमनंट’ या शब्दावर विसंबू नये.

पिगमेंट इंकच्या सावकाश वाळण्याचा मात्र एक देखणा उपयोग आहे. छाप ओला असतानाच त्यावर एम्बॉसिंग पावडर, म्हणजे तापवली की वितळून रेषेला उठाव देणारी भुकटी, पसरून टाकायची, कागद उभा करून खालून टिचकी मारायची; ओल्या रेषांवरची पावडर राहते, बाकीची खाली घडी घातलेल्या कागदावर पडते आणि तिथून पुन्हा डबीत जाते. मग हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं हातातलं यंत्र, चार-पाच सेंटिमीटरवर धरायची. आधी काहीच होत नाही. मग एका कडेला दाणेदार, निस्तेज रेषेला एकदम ओलसर चकाकी येते आणि ती चकाकी रेषेवरून पुढे सरकू लागते, तव्यावर लोणी वितळावं तशी. ती जिथे पोचली तिथून गन लगेच पुढे न्यायची. थांबलात तर पावडर कागदात जिरते, उठाव जातो आणि तेलकट डाग राहतो. हेअर ड्रायरने हे काम होत नाही: उष्णता कमी आणि वारा जास्त, पावडर उडून जाते. हीट गन नसेल तर उलटी धरलेली तापलेली इस्त्री चालते, पण तिच्या वर, तिला न टेकवता, कागद खालच्या बाजूने तापेल असा धरायचा आणि बोटं सांभाळायची.

आपल्याकडे या पावडरीचा खरा वैरी म्हणजे पाऊस. राखी आणि गणपतीची कार्डं करायची वेळ नेमकी श्रावण-भाद्रपदात येते. कोकणात, मुंबईत तेव्हा कागद हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो आणि पावडर रेषांबाहेरही जागोजागी चिकटते. वितळवल्यावर ते ठिपके कायमचे. उपाय घरात असतो: पातळ सुती कापडात चमचाभर कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर बांधून पुरचुंडी करायची आणि ठसा घेण्याआधी कागदावरून फिरवायची. कागद फारच सर्द असेल तर त्याआधी हीट गनने दहा सेकंद शेकून घ्यावा. तरी चुकार कण उरलेच तर कोरड्या बारीक ब्रशने झटकायचे, अर्थात तापवण्यापूर्वी.

बाजारात मिळणाऱ्या ठशांवर बहुतेक फुलं, फुलपाखरं आणि इंग्रजी मजकूर असतो. रोमन लिपीचे सुटे अक्षरठसे सहज मिळतात, कारण तिथे एक अक्षर संपलं की शेजारी दुसरं ठेवायचं. देवनागरीत वेलांटी आधीही येते आणि नंतरही, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, आणि ‘च्छ’सारखी अक्षरं एकमेकांच्या मांडीवर. सुट्या ठशांनी ‘शुभेच्छा’ जुळवायला गेलात तर शिरोरेखा रेल्वेच्या सांध्यासारखी तुटत जाते. म्हणून मराठी मजकूर अख्खा एकाच तुकड्यात कोरावा. त्यासाठी पांढरं, गुळगुळीत, चिवट प्लॅस्टिकचं खोडरबर उत्तम. शाईपेनासाठीचं रेताड खोडरबर पातीखाली चुरा होऊन येतं.

आता उलटं कोरण्याविषयी. राजमुद्रा असो की खोडरबर, कोरायचं उलटंच. ते डोक्याने उलटवू नये, ट्रेसिंग पेपरला करू द्यावं. मऊ २बी किंवा ४बी पेन्सिलीने मजकूर ट्रेसिंगवर सरळ लिहायचा, लिहिलेली बाजू खोडरबरावर पालथी ठेवायची आणि पाठीवरून चमचा घासायचा. पेन्सिलीचा मजकूर आपोआप उलटा उतरतो. कुणी घाईघाईत थेट रबरावर सरळ ‘दिवाळी’ लिहून कोरली तर छापात ‘दि’ची पहिली वेलांटी उजवीकडे जाऊन दुसरी होते, ‘ळी’ची दुसरी पहिली होते, आणि शुद्धलेखनाचे दोन गुण जातात.

पाती कटरची चालते, लिनोलियम कोरायची व्ही आकाराची लहान पटाशी मिळाली तर फार बरं. खोली दोन-तीन मिलिमीटर पुरे. गोलाई कापताना पाती फिरवायची नाही. पाती जागीच ठेवून खोडरबर फिरवायचं. आणि पाती नेहमी रेषेपासून बाहेरच्या बाजूला झुकती ठेवायची, म्हणजे रेष पायथ्याशी रुंद आणि माथ्याला अरुंद राहते, शेताच्या बांधासारखी. पाती उलट झुकली तर रेषेच्या खालचं रबर पोखरलं जातं. सुरुवातीला दिसत काही नाही. पाच-सहा छाप झाले की ती रेष दाबाखाली लवू लागते.

याचा पहिला बळी अनुस्वार. ‘आनंद’ कोरताना शिरोरेखेवरचा तो एकटा, कशालाही न जोडलेला खुंट खालून पोखरला गेला की दाबल्यावर आडवा होतो. पहिल्या छापात टिंब, तिसऱ्यात स्वल्पविराम, आठव्यात गायब, आणि पंचवीस नातेवाइकांना ‘आनद’ पोचतो. त्यावरचा उपाय म्हणजे अनुस्वार कोरायचाच नाही. शब्द छापून झाला की काडेपेटीतल्या काडीचं गुल नसलेलं टोक त्याच पॅडवर टेकवून टिंब द्यायचं. दुसरी अडचण ‘भ’, ‘श’ यांच्या गाठींची: आतली पोकळी एवढी लहान की शाईने भरून जाते. मात्रा-उकार सोडून अक्षराची उंची आठ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर हे होणारच. बाकी शिरोरेखेचा एक फायदा आहे. ती सगळ्या अक्षरांना एका पट्टीत बांधून ठेवते, त्यामुळे पातळ दांडेसुद्धा सहसा मोडत नाहीत. हे सुख रोमन लिपीला नाही.

कोरलेली खोडरबरं इतर ठशांबरोबर प्लॅस्टिकच्या डबीत टाकू नयेत. कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटून बसतं आणि पट्टीवर त्याचा आकार वितळून उमटतो, हे शाळेत प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तेच इथे होतं. कागदात गुंडाळून वेगळी ठेवावीत.

स्वतः कोरायचं नसेल तर कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी रबरी शिक्के बनवणारा असतोच. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवून ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, त्यातूनच पुढे हा धंदा उभा राहिला. शिक्केवाल्याकडे चित्र द्यायचं ते काळ्या शाईत, छटा नसलेलं, रेषा निदान अर्धा मिलिमीटर जाड. आणि न विसरता सांगायचं की आत शाई भरलेला शिक्का नको, साधा मुठीचा हवा. शाई भरलेल्या शिक्क्यातून एकच रंग येतो आणि तोही कचेरीचाच.

कागद निदान २५० जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा, घ्यावा. ए४ कागद आडवा मधोमध कापून त्याच्या अर्ध्याला घडी घातली की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं आणि ते ११४ × १६२ च्या तयार पाकिटात जातं. उलट क्रमाने, म्हणजे आधी कार्ड आणि मग पाकीट शोधत हिंडणं, टाळावं. घडी घालण्याआधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून घडीची रेघ दाबून घ्यावी. मागे जो उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे. तरीही घडीवर कागद तडकत असेल तर घडी कागदाच्या धाग्याला, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेला, आडवी पडते आहे. कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघावा, ज्या बाजूने सहज वाकतो त्याच दिशेने घडी घालावी. हातकागद फार मोहक असतो. पुण्यात १९४० पासून त्याची संस्था आहे आणि सुती चिंध्यांपासून केलेला तो खरबरीत कागद हाताला सोडवत नाही. पण त्याच्यावर बारीक नक्षी टिकत नाही, उंचसखल भागात रेषा तुटते. त्याला ठळक, भरीव ठसा द्यावा, किंवा त्याचं नुसतं कार्ड करून छाप वेगळ्या गुळगुळीत कागदावर घ्यावा.

ही वेगळ्या कागदाची सवय एरवीही चांगली. ९५ × १३८ मिलिमीटरचा तुकडा कापायचा, ठसा त्यावर घ्यायचा, जमला तरच कार्डावर चिकटवायचा. फसला तर तुकडाच गेला. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरावी. पांढऱ्या गोंदातल्या पाण्याने कागद पापडासारखा वाकतो.

कार्ड पाकिटात घालताना एम्बॉसिंगचा उठाव तिकिटाच्या कोपऱ्याखाली, म्हणजे उजवीकडे वर, येणार नाही असं पाहावं. जमल्यास चित्र डावीकडे खालीच घ्यावं आणि कार्डाबरोबर एक साधा पातळ पुठ्ठा सरकवावा. तिकिटावर पोस्टात शिक्का बसणार आहे, आणि तिथे तो टेकवत नाहीत.